भाताच्या गंजावरचं नाव

मेलबर्नला आमच्या मराठी मंडळात तरुण पोरापोरींची बैठक झाली. आपण इकडे राहून गावाला काय परत देऊ शकतो, हा विषय. कोणी म्हणालं वाचनालय, कोणी संगणक. माझी पाळी आली तेव्हा मी सांगितलं, मी गावाला भांडी दिली, आणि रागानं दिली. सगळे हसले. मी हसले नाही.

आमचं गाव नरखेड तालुक्यातलं. गावजेवणाचा भात शिजेल असे मोठे पितळी गंज एकाच घरी होते, मालकांच्या, म्हणजे गावच्या मोठ्या जमीनदाराच्या. लग्न असो की तेरवी, त्यांच्या ओट्याखाली उभं राहून मागायचे. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली पहिली मीच. नागपूरला धरमपेठेत खोली करून शिकत होते तेव्हा बहिणीचं लग्न निघालं. बाबा गंज मागायला गेले. मालक चारचौघांत म्हणाले, "पोरीले नागपूरले शिकवता नं गा? मंग गंजही तिकडूनच आणा."

मग काय, घरोघरची पातेली गोळा केली. एक भात कच्चा, दुसरा करपलेला, वऱ्हाडाच्या पंगती ताटकळत बसलेल्या. बहिणीला सासरी तो भात अजून ऐकवतात. मी विसरले नाही, विसरायचा प्रयत्नही केला नाही.

नोकरी लागली, परदेशी गेले, आणि पहिल्या सुट्टीत थेट नागपूरचा इतवारी बाजार गाठला. सहा गंज घेतले, कढया, परात, झारे घेतले. प्रत्येकावर आईचं पूर्ण नाव कोरून घेतलं. गावात तिला नावानं कोणी ओळखत नाही, ती कोणाची तरी माय. भांडी गावाला फुकट. अट एकच, घरच्या कर्त्यानं स्वतः आमच्या दारी येऊन मागायचं. अट कोणासाठी होती, ते अख्ख्या गावाला कळत होतं.

यंदा मी घरी असताना मालकांची म्हातारी आई गेली. त्यांच्या गंजांची कल्हई कधीच उडालेली, आणि कल्हईवाला आता येतो कुठं? लग्नसराईत भाड्याची भांडीही मिळेनात. तेरवीच्या आदल्या दिवशी त्यांचा सालगडी आला.

"मालकाले पाठव," मी म्हटलं.

"मयताच्या घरासंगं असं करते का वं कोणी?" आई चिडली. "देऊन दे."

"लग्नाच्या घरासंगं करते, माय."

"याच्यासाठी शिकवलं का तुले?"

आई तोंड फिरवून आत गेली.

भर दुपारी मालक आले. डोकं भादरलेलं. आमच्या ओट्याखाली उभे राहिले.

"गंज पायजे होते," ते म्हणाले.

मी भांडी अंगणात मांडली. "नेण्याआधी नाव वाचून घ्या. मोठ्यानं. परत येताना बदलून नको यायले."

त्यांनी खिशातून चष्मा काढला. एकेका गंजावर वाकून त्या तोंडानं माझ्या आईचं नाव घेतलं. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. कढयाही वाचून झाल्या. सालगडी भांडी गाडीत चढवू लागला.

आई दारात येऊन उभी होती. आता मला बोलणार, असं वाटलं.

"परात राहिली नं," ती मालकांना म्हणाली.

मालकांनी परात उचलली आणि तिच्यावरचंही वाचलं.