चिंचेशिवाय मरळ

तळलेल्या माशावर कुणी लिंबू पिळलं की मला नागभीडजवळचा लाकूडडेपो आठवतो. पन्नास सालानंतरची गोष्ट, मी तिथे कारकून होतो. गोव्याचा एक सर्व्हेअर कामासाठी येऊन राहिला होता. परदेशी समुद्राकाठच्या आंबटसर द्राक्षांची, गोव्यात बोटीने येणारी पांढरी वाइन, एकच बाटली, त्याने घरून जपून आणली होती. त्याच्याकडे ती माशाबरोबरच पीत. दिवसभर त्याने ती ओल्या पोत्यात गार ठेवली आणि डेपोत स्वयंपाक करणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बाईंना सांगितलं, मरळ नुसत्या मिठात तळा. बाईंनी सवयीने तुकड्यांना चिंचेचा कोळ चोळला. एक घास, एक घोट, आणि त्याचं तोंड उतरलं. चिंचेपुढे वाइन पाण्यासारखी लागत होती. "चिंच नाई लावली तं मासा वास मारते, साहेब," बाई म्हणाल्या. तो बूच परत लावू लागला. बाई चुलीकडे गेल्या, घरी न्यायला बाजूला काढलेला स्वतःचा तुकडा त्यांनी फक्त मीठ लावून तळून आणला. तो तुकडा खाऊन, वर घोट घेऊन सर्व्हेअर पहिल्यांदा हसला आणि दुसरा पेला भरून त्याने बाईंपुढे धरला. मोहाच्या दारूचे देवाच्या नावाने सांडतात तसे चार थेंब त्यांनी आधी जमिनीवर सांडले, मग माशाबरोबर घोट घेतला आणि जरा वेळ जिभेवर ठेवला. "साहेब, हे तं तुमच्याकडची चिंचच हाय," त्या म्हणाल्या, "मंग मी काऊन लावत होती?" काल जावयाने मासा आणि वाइन मांडली, तेव्हा लिंबाची फोड मी गुपचूप त्याच्या ताटातून उचलून घेतली.