आधी तिला बोलू दे

गाडी दारात आली की आमचे मिस्त्री आधी तिची मूठ पिळायचे. गाडीवाल्याला 'या, बसा' नाही, काही नाही. हात थेट अ‍ॅक्सिलरेटरवर. तो बिचारा तक्रार सांगायला लागला की म्हणायचे, "थांब की रे. आधी तिला बोलू दे."

मंगळवार पेठेत त्यांच्या गॅरेजसमोर माझी पिठाची गिरण. दिवसभर ते गाड्यांना बोलतं करणार आणि मी जोंधळा दळणार. तिसऱ्या माणसानं बोलायची सोयच नव्हती. "बंद कर तुझी गिरण, इंजिन ऐकू येईना झालंय," असं ते ओरडायचे. मी कशाला बंद करतोय! तुम्हीच सांगा, गिऱ्हाईक सोडून शेजाऱ्याचं कुणी ऐकतं का?

मूठ पिळायचा त्यांना नादच होता. चहाला गेले तरी टपरीसमोर उभ्या असलेल्या बंद गाडीची पिळून यायचे. गाडी कुणाची, काय, पत्ता नाही. एकदा एका फौजदाराच्याच मोटरसायकलला हात घातला. तो डाफरला, तर हे म्हणाले, "पावणं, हात हाय. जातोय की गाडीवर."

मग विजेच्या गाड्या आल्या. मिस्त्री हसले. "आवाज न्हाय, धूर न्हाय. ही गाडी व्हय? मिक्सर हाय मिक्सर!" पुढं गॅरेजसमोरची रांग आटत गेली, तसं हसणंही आटलं. आणि त्यातच त्यांच्या एकुलत्या एका लेकीनं विजेची स्कूटर घेतली. ती कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरीला जाते. तिच्यासाठी मिस्त्रींनी स्वतः इंजिन बांधून तयार केलेली मोटरसायकल कापडाखाली तशीच राहिली. ते त्या स्कूटरकडे बघायचेसुद्धा नाहीत. ती आली की पाठ फिरवून पाने पुसत बसायचे.

खंडेनवमीला लेकीनं स्कूटर मुद्दाम गॅरेजच्या दारात आणली. पान्यांची पूजा झाली होती. मिस्त्री जरा घुटमळले, मग उठले आणि स्वतःच्या हातानं त्या स्कूटरला झेंडूचा हार घातला. लेक कशी खुलली! मलाही बरं वाटलं. गिरण थांबवून मी बघत उभा राहिलो.

लिंबावरून पुढे घ्यायची म्हणून स्कूटर चालूच ठेवलेली. "आबा, जरा धरा की. चाकाखाली लिंबू ठेवतो," म्हणत लेक उतरली आणि पुढे जाऊन वाकली. मिस्त्रींनी हँडल धरलं. आवाज नाही म्हणजे गाडी बंद, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. त्यांनी मूठ पिळली.

स्कूटर उसळली. लेकीचा हात चाक आणि गॅरेजचा खांब यांच्यात सापडला.

मनगटात सळी घालावी लागली. "माझीच चूक. बंद करायला पायजे होती," असं ती दवाखान्यात सगळ्यांना सांगत होती. मिस्त्री रडले नाहीत. मी त्यांच्या शेजारी बाकावर बसलो होतो आणि खरं सांगतो, मलाही काही वाटत नव्हतं. सगळं बधिर. मी म्हणालो, "चहा घेऊ या." ते म्हणाले, "घे तू."

गॅरेज त्यांनी परत उघडलं नाही. विजेच्या गाड्यांनी मिस्त्रीला बसवलं, असं पेठेत म्हणतात. म्हणू देत. पेट्रोलच्या गाड्या अजूनही येतात, बंद शटर बघून पुढच्या चौकात जातात. मी दळत बसतो. आता गिरण बंद कर म्हणणारं कुणी नाही.

लेकीचं मनगट जुळलं. ती पुन्हा स्कूटरनं कामावर जाते. परवा संध्याकाळी मिस्त्री भाजीची पिशवी घेऊन घराकडे चालले होते. ती मागून आली.

"आबा, बसा की मागं."

"तू हो म्होरं."

"नुसतं बसायचं हाय, आबा."

"हो म्हटलं न्हवं म्होरं!"

ती काही पुढे गेली नाही. दोन्ही पाय रस्त्याला टेकवत, त्यांच्या चालीनं स्कूटर शेजारून नेत राहिली. ती जवळ आली की मिस्त्री गटारीच्या कडेला सरकायचे. कोपऱ्यापर्यंत दोघं तशीच गेली.