तन्वीच्या नावावरची एफडी

"ताई, मी फॉर्मवर खरं तेच लिहिलं. लपवायला हवं होतं का?" सुनंदा मला विचारत होती. तिच्या शेजारी तिची मुलगी तन्वी मान खाली घालून बसली होती.

अमेरिकेत नेपरव्हिलजवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात मी फायनान्शियल एडचं, म्हणजे मुलांना फीसाठी मदत मिळवून द्यायचं काम करायचे. कम्युनिटी कॉलेज म्हणजे घराजवळचं, दोन वर्षांचं सरकारी कॉलेज. फी कमी, पण सुनंदाला तीही झेपणारी नव्हती. डॉटकॉमचा फुगा फुटला तेव्हा तिच्या नवऱ्याची आयटीतली नोकरी गेली आणि वर्षाच्या आत हार्ट अटॅकने तोही गेला. नशीब एवढंच की ग्रीन कार्ड आधी हातात आलं होतं. ती इंडियन ग्रोसरीत दिवसभर उभी असायची. तन्वीला नर्सिंगला सीट मिळाली होती, आणि त्या सीटसाठी पोरी वर्षवर्ष वेटिंग लिस्टवर ताटकळतात.

अशा घरांसाठी राज्याचं ग्रँट असतं. आपल्या लोकांना वाटतं, चेक घरी येतो. छे! राज्य परस्पर कॉलेजला पैसे देतं आणि तेवढी ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, बिलातून कमी होते. परत फेडायची भानगड नाही. घरची ऐपत जितकी कमी, तितकी मदत जास्त. फक्त त्या वर्षीचा निधी संपला की दार बंद, मग तुम्ही कितीही गरजू असा. सुनंदाचा पगार पाहता तन्वीची जवळजवळ सगळी ट्यूशन निघायला हवी होती. माझ्या स्क्रीनवर मात्र ग्रँट दिसत होतं शून्य.

कारण होतं तन्वीच्या स्वतःच्या नावावरची शिल्लक. आईवडिलांच्या बचतीला या हिशोबात बरीच सूट मिळते. मुलाच्या नावावरच्या पैशाला मिळत नाही. तुझे आहेत ना, मग आधी ते वापर, असा रोखठोक कारभार.

"हे पैसे आले कुठून?" मी विचारलं.

"नागपूरचा ह्यांचा फ्लॅट भाऊजींनी विकला आणि तन्वीच्या नावावर एफडी केली. लग्नासाठी."

"मग मोडा आणि फी भरा!"

"तेव्हा ती लहान होती, म्हणून बँकेत सही अजून भाऊजींचीच चालते. ते मोडू देत नाहीत. तिकडे जाऊन बदलायचं तर तिकिटाला पैसे कुठून आणू?"

मी माझ्या बॉसकडे, लिंडाकडे गेले. ती म्हणाली, "नाव तिचं, म्हणजे पैसे तिचे."

"अगं, पण तिला हात लावता येत नाही."

"मग त्या काकाकडून तसं लिहून आण. मी ती रक्कम हिशोबातून काढते." हा अधिकार आमच्या ऑफिसला होता. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

मी नागपूरला फोन लावला.

"म्हणजे माझ्या पुतणीचा स्वतःच्याच पैशावर ताबा नाही, असं मी लिहून देऊ?" काका तडकले. "उद्या लोक म्हणतील, भाऊ गेला आणि ह्याने पैसे गिळले. मॅडम, एक पैसा खाल्लेला नाही मी!"

"काका, तसं कोणी म्हणत नाहीये. नाहीतर एफडी मोडा."

"आणि लग्नात काय देऊ, धत्तुरा? दादाच्या अस्थींसमोर शब्द दिलाय मी. फीचं काय, तुमचं सरकार देतंच ना तिकडे?"

"तेच तर अडलंय ना, तुमच्या एफडीमुळे!"

त्यांनी फोन ठेवला. मी इतकी चिडले होते की डबासुद्धा उघडला नाही. माणूस लबाड असता तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. हा खरोखरच प्रामाणिक होता, आणि पोरीवर त्याचा जीव होता. अशा माणसाशी भांडणार तरी कसं?

सुनंदा त्यांना रोज फोन करून रडायची. शेवटी त्यांनी सही केली, पण तोवर कित्येक आठवडे गेले होते. लिंडाने शब्द पाळला, हिशोब बदलला. जवळजवळ पूर्ण ट्यूशन मंजूर झाली असती. पण राज्याचा निधी त्याआधीच संपला होता.

तन्वी सीट सोडायला आली. "मावशी, इट्स ओके. नेक्स्ट इयर," म्हणाली आणि बाहेर जाऊन गाडीत रडत बसली. मला खिडकीतून दिसत होतं. लाज वाटली मला त्या खुर्चीत बसायची.

पुढच्या वर्षी सुनंदाची पाठ गेली, ग्रोसरी सुटली, आणि तन्वी एका नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या वृद्धाश्रमात, फुलटाइम लागली. म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची, त्यांचे डायपर बदलायचे. नर्स म्हणून नाही, नर्सच्या हाताखाली. ती कॉलेजात परत आली नाही. काही वर्षांनी लग्न मात्र नागपूरला थाटात झालं. काकांनी एफडी मोडली, वर पदरचेही घातले. तन्वीने बिनपगारी रजा काढली होती.

अजूनही इथल्या मराठी मंडळात भेटेल त्याला मी सांगते, कॉलेजच्या मदतीची गरज पडेलसं वाटत असेल, तर पोरांच्या नावावर पैसे ठेवू नका, स्वतःच्या नावावर ठेवा. लोक माझ्याकडे असे बघतात, जसं काही मी त्यांच्या पोरांचं वाईट चिंतते आहे.