गढूळ पाण्याचा पट्टा

देऊळघाटजवळच्या आमच्या गावात पाण्याबद्दल काही ठरवायचं असलं की लोक मला विचारायचे. विसर्जनाला धरणात कोणत्या अंगानं उतरायचं, म्हशी कुठं घालायच्या, नवी विहीर भरली तर तिच्यात पोरं सोडायची का थांबायचं, हे सगळं मी सांगायचो. मी शाळेत गणित शिकवतो, पण गावातला माझा मान गणिताचा नव्हता, पाण्याचा होता. त्यासाठी मी काही मोठे कष्ट घेतले होते असंही नाही. लहानपणी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो, पुढे डबा सुटला, आणि त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं विहिरीत आणि धरणात पोहूनही बुडालो नाही. एवढ्यावर माणूस आमच्याकडे जाणकार ठरतो.

धरणाचं पाणी ओळखायची माझी रीत साधी होती, आणि धरणापुरती ती बरोबरही होती. पाणी नितळ, काळंनिळं दिसलं की खोल समजायचं. तांबूस, गढूळ दिसलं की उथळ. म्हशींच्या पायांनी गाळ हलतो तिथं, म्हणजे माणसाचे पाय टेकणारच. आणि वरून सपाट असलेलं पाणी खवळलेल्या पाण्यापेक्षा बरं. या तीन गोष्टींवर मी अर्ध्या गावाला पाण्यात उतरवलं आणि सगळ्यांना सुखरूप बाहेरही काढलं.

माझा चुलत भाऊ माझ्याहून सहा महिन्यांनी मोठा. शेती करायचा. अंगानं माझ्या दीडपट, पोहायला माझ्याइतकाच तयार. पण पाणी नवं असलं की हा गडी काठावर थांबून माझ्याकडे बघायचा. मी "हाव" म्हटलं की मगच उडी. लोक त्याची चेष्टा करायचे, "मास्तरले इचारल्याबिगर हा आंघोळ बी करत नाही." तो हसायचा आणि तरीही विचारायचाच. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

हरभरा पेरून झाला आणि आम्ही पाच जण भाड्याची जीप करून कोकणात निघालो. लाटा बघायच्या, एवढं एकच कारण. पाचांपैकी एकानंही समुद्र पाहिला नव्हता. त्या पाचांत मीही होतो, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

आणि समुद्रावर लाटाच नव्हत्या. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही वाळूत उभे राहिलो तेव्हा पाणी कडेला येऊन नुसतं ओलं करून जात होतं. भाऊ कमरेवर हात ठेवून म्हणाला, "लाटा कुठी हायत बे? हे त आपलं धरण हाय. एवढ्या लांब कायले आलो मंग?" आम्ही सगळे हसलो. दुसऱ्या दिवशीही तेच. एवढा प्रवास करून आल्याचा राग यायला लागला होता. संध्याकाळी आमच्यातला एक जण खोलीवर पिऊन बसला आणि समुद्राला शिव्या देत राहिला. भाऊ पीत नव्हता. त्यानं आयुष्यात कधी ग्लास हातात धरला नाही. तो आणि मी बाहेर चहा पीत बसलो.

किनाऱ्यावर आणखी काही जण अडकून पडले होते. पुण्याकडचे सात-आठ तरुण-तरुणी, लाटांवर उभं राहून घसरायच्या लांब फळ्या घेऊन आलेले. दोन दिवस ते फळ्या वाळूत टाकून नुसते पाण्याकडे बघत बसले होते. आमच्यासारखे वैतागले नव्हते. वारा कुठून येतो, ओहोटी कधी लागते, बाहेर काही उठतंय का, असं हळू आवाजात बोलायचे आणि पुन्हा बघायचे. मला त्यांची गंमत वाटली. भावाला म्हटलं, "पाणी कधी पाह्यलं नाही वाटते यायनं."

तिसऱ्या दिवशी सकाळी लाटा आल्या. फार मोठ्या नव्हत्या, कमरेइतक्या, एखादी छातीइतकी. तीन-चार सलग यायच्या, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा तीन-चार. शिट्टी गळ्यात घातलेला तिथला जीवरक्षक आमच्याजवळ आला. वयानं आमच्याएवढाच. म्हणाला, "आज गुडघ्याच्या पुढे जाऊ नका. दोन दिवस काही नव्हतं, आज बाहेरून लाट सुरू झालीय. मध्ये थांबते तेव्हा माणसं फसतात. पंधरा मिनिटं इथे बसून बघा, मग कुठे उभं राहायचं ते मी सांगतो."

मी त्याला हाव, हाव म्हटलं. परगावच्या माणसाला आपण म्हणतो तसं, त्यानं लवकर जावं म्हणून. तो पुढच्या घोळक्याकडे वळला आणि मी म्हणालो, "आपल्याले पाणी शिकवून राह्यला हा." सगळे हसले.

आणि मग मी पाणी पाहिलं. पंधरा मिनिटं नाही, असेल मिनिटभर. डावीकडे लाटा फुटत होत्या, उजवीकडे फुटत होत्या, दोन्हीकडे पांढरा फेस होता. मध्ये पंधरा-वीस हात रुंदीचा एक पट्टा होता. तिथं लाट फुटतच नव्हती. वरून सपाट, आणि रंग तांबूस, गढूळ, अगदी धरणाच्या म्हशींच्या बाजूसारखा. तेवढ्यात त्या फळीवाल्यांनी उठून फळ्या पाण्यात टाकल्या आणि ते पालथे पडून त्याच पट्ट्यातून आत गेले. हातही फारसे मारत नव्हते. आरामात गेले. माझी खात्री पटली.

भाऊ पँट काढून चड्डीवर उभा होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "कुठून उतरू?"

मी बोट दाखवलं. "तिथून. गढूळ हाय, म्हंजे उथळ. लाट बी नाही. ते फळीवाले बी तिथूनच गेले."

"पक्कं?"

"हाव बे. जाय."

मला आज जे माहीत आहे ते मी नंतर विचारून शिकलो. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं सगळं पाणी कुठून तरी परत जावं लागतं. ते त्या पट्ट्यातून जातं. जाताना तळाची वाळू ओढून नेतं म्हणून तिथं गढूळ दिसतं, आणि त्याच्या ओढीत लाट फुटत नाही म्हणून सपाट दिसतं. फळीवाले तिथून गेले कारण पाणी त्यांना फुकट बाहेर नेत होतं, आणि त्यांच्या अंगाखाली फळी होती. मी जे जे पाहिलं ते सगळं बरोबर पाहिलं होतं. फक्त ते धरण नव्हतं.

तो कमरेइतक्या पाण्यात गेला तेव्हा वळून दोन्ही हात वर करून ओरडला. खूश होता. मग छातीपर्यंत गेला. आणि मग मला दिसलं की तो आमच्याकडे तोंड करून पोहतोय आणि लांब जातोय. हात जोरात मारत होता, विहिरीतले हात, आम्ही दोघं एकत्र शिकलो ते. विहिरीत दम लागला की चार हातांवर भिंत असते. आयुष्यभर आम्हाला तेवढंच शिकवलं गेलं होतं, की दम लागला तर सरळ काठ गाठ.

जीवरक्षक शिट्टी फुंकत पळत आला. हातानं बाजूला खुणा करत ओरडत होता, "आडवा जा! किनाऱ्याकडे नको, आडवा जा!" पट्ट्याच्या बाहेर दहा-बारा हात बाजूला गेला असता तर लाटांनीच त्याला आणून टाकलं असतं. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून त्याच्यापेक्षा मोठ्यानं ओरडत होतो, "इकडं! इकडं ये! सरळ ये!"

दोन आवाज होते. एक परक्याचा, एक माझा. त्यानं माझा ऐकला.

मग बाहेरून लाटा आल्या, एकामागोमाग चार. जीवरक्षक आत गेला, फळीवाल्यांपैकी एक मुलगी फळी वळवून भावाच्या दिशेनं आली. ती पोचली तेव्हा तिथं कोणी नव्हतं. लाटांनंतर समुद्र पुन्हा शांत झाला आणि बराच वेळ तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाडीच्या तोंडाशी सापडला. ओळख मी पटवली.

गावी आणल्यावर मोठ्या बाबांनी मला काही विचारलं नाही. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, त्याचे वडील. वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनंही विचारलं नाही. विचारलं ते दहाव्याला भावकीतल्या एका माणसानं, दाढी करून घेता घेता, सहज. "पिऊन होता म्हणे?"

मी म्हणालो, "जाऊ द्या न आता."

एवढंच. मी हो म्हटलं नाही. नाही म्हणायला हवं होतं, तेही म्हटलं नाही. कारण नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग असा पोहणारा माणूस बुडाला कसा? संध्याकाळपर्यंत गावात ते पक्कं झालं. सोबतचे तिघं गप्प राहिले. दोघं माझी कीव करून, आणि जो खरंच प्यायला होता तो स्वतःच्या भीतीनं. गावालाही ते सोयीचं होतं. दारू पिऊन पाण्यात गेला म्हटलं की सगळं समजतं, कोणाला जास्त विचार करावा लागत नाही.

भावाची मुलगी आमच्याच शाळेत सातवीला होती. तिच्या वर्गातल्या एकीनं तिला तोंडावर म्हटलं की तुझा बाप दारूत बुडाला. हे मला शिपायानं सांगितलं. त्याच दिवशी मी त्या वर्गावर गेलो आणि अपूर्णांक शिकवले. ती शेवटच्या बाकावर बसून वहीत उतरवून घेत होती. वर्गात तेव्हा एक वाक्य बोललो असतो तरी पुरलं असतं. नाही बोललो. मी भित्रा माणूस आहे, हे मला त्या वर्षात नीट समजलं.

वर्षश्राद्धाला चार दिवस उरले तेव्हा मी मोठ्या बाबांकडे गेलो. ते ओट्यावर बसून विळ्याला धार लावत होते. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. तो प्यायला नव्हता. जागा मी दाखवली. सरळ ये असं मीच ओरडलो.

त्यांचा हात थांबला नाही. विळा दगडावर फिरत राहिला. मग म्हणाले, "मले मालूम हाय."

मी मान वर केली.

"तुले इचारल्याबिगर त्यानं कधी पाण्यात पाय टाकला काय? मी बाप हावो त्याचा. तू कधी बोलतं याची वाट पाहून राह्यलो होतो." त्यांनी विळ्याची धार अंगठ्यानं पाहिली. "आता मले सांगून काय फायदा? पंगतीत सांग. सगळ्याईले."

चार दिवस मी नीट जेवलो नाही. श्राद्धाच्या दिवशी अंगणात पंगत बसली. भावकी, शेजारी, शाळेतले दोघं-तिघं, तो दहाव्याला विचारणारा माणूस. वहिनी कढीची बादली घेऊन वाढत होती. मी पानावरून उठून उभा राहिलो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, त्यातलं काहीच आठवलं नाही. म्हटलं, "तो पिऊन नव्हता. कधीच पीत नव्हता. म्या सांगतलं तिथून उतर म्हणून तो उतरला. म्या चुकीची जागा दाखवली. तो माह्यामुळं गेला, आन् मी वर्षभर गप्प बसलो."

सगळ्यांचे हात पानावरच थांबले. मला वाटलं मोठे बाबा काही म्हणतील, पण ते खाली बघत होते. वहिनीनं बादली जमिनीवर ठेवली.

"पक्कं सांगून राह्यले भाऊजी? पिऊन नव्हते?"

"नव्हता, वहिनी. माह्या पोरांची शपथ."

ती शिव्या देईल, अंगावर येईल, काहीतरी फेकेल, या सगळ्याची मी तयारी केली होती. ती हळू आवाजात बोलली.

"तुम्ही जागा चुकले ते समजते मले. पाण्यात कोणीबी चुकते. पण तुम्ही काही बोलले नाही, म्हणून म्या बी लोकाईचंच खरं मानलं. मले वाटलं, घरी पीत नाही, बाहेर जाऊन पीत असतीन. पोरीले म्या सांगतलं, तुह्या बापानं आपल्याले तोंड दाखवाले जागा ठेवली नाही. वर्षभर रोज सांगतलं." तिचा आवाज तिथं फुटला. "मी रडली बी नाही हो त्याईच्यासाठी."

ते खरं होतं. तेराव्यालाही तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि बाया म्हणाल्या होत्या की बाई मोठी घट्ट आहे. ती आत गेली. मग आतून जे रडणं ऐकू आलं ते एका वर्षाचं होतं. तिची मुलगी दारात उभी राहून आधी आत बघत होती, मग माझ्याकडे. मोठे बाबा भिंतीला धरून उठले आणि आत गेले. मी पंगतीत उभाच होतो, आणि मला कोणी खाली बस म्हटलं नाही.