कणकुंबीची वाट, निपाणीचा माल

दिव्या बोरगावची. वडिलांनी निपाणीच्या वखारीत तंबाखूची पोती वाहिली. मुलगी बेळगावात एका पार्सल कंपनीत संगणकावर बसली. बसून करायचं काम सोपं असतं, असं घरी कुणी म्हणालं नाही.

तिनं लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये शाखेचं नाव टाकलं की तिथं पडून असलेल्या पार्सलांची यादी यायची. कधी क्षणात यायची. कधी निपाणीच्या काउंटरवरचा गुंडू फोनवर ओरडायचा.

"दिव्याक्का, पडद्यावर चक्र फिरालंय नुसतं! दारात माणसं उभारल्यात. न्हायतर तुम्हीच या, शिव्या खायला."

मग तिचा वरिष्ठ जिनेंद्र सर्व्हर बंद करून चालू करायचा, आणि यादी पळत यायची. "गुण आहे हाताला," तो ऐटीत म्हणायचा.

मालकांना तो गुण पुरेना. महिनाअखेर सुधारणा झाली नाही तर हा प्रोग्रॅम काढून बाहेरचा विकत आणू, असं त्यांनी सांगून टाकलं. दिव्याची दोन वर्षं त्यात गेली होती.

बंद-चालू केल्यावर बरं का होतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. दिव्या ते शोधायला बसली. सर्व्हर रोज पहाटे आपोआप नव्यानं सुरू व्हायचा. त्यानंतर पहिली यादी कोण मागतं, ते ती पाहू लागली. मालाची गाडी वेळेवर पोचली की घाटातली छोटी शाखा, कणकुंबी. त्याच दिवशी निपाणी रखडायची.

मग उलगडलं. डेटाबेसला पहिल्यांदा प्रश्न आला की तो उत्तराची वाट आखतो आणि जपून ठेवतो. पुन्हा तसाच प्रश्न आला की तीच वाट धरतो. आखायचे कष्ट वाचतात; सर्व्हर बंद झाला की मात्र ती वाट पुसली जाते. पण कणकुंबीची पार्सलं मूठभर. त्यांच्यासाठी आखलेली वाट अशी, की एकेका पार्सलचा नंबर शोधायचा आणि एकेक नग उचलून आणायचा. निपाणीचा डोंगरही मग तसाच, एकेक करून. जिनेंद्र सर्व्हर सुरू करायचा तेव्हा निपाणीत गर्दी असायची, म्हणून पहिला प्रश्न तिचा. वाट तिच्या मापाची पडायची: सगळी मांडणी एका फेरीत वाचून काढायची.

"मग वाट जपणंच बंद कर की," जिनेंद्र म्हणाला. "दर वेळी नवीन आखू दे."

"दिवसभर दर यादीला नव्यानं डोकं खाजवायचं? फुकटची हमाली हाय ती, अण्णा."

तिनं एका प्रश्नाचे दोन प्रश्न केले. लहान शाखांना एक, मोठ्यांना दुसरा. आता दोन वाटा जपल्या जाणार होत्या, ज्याची त्याला.

"म्हणजे माझ्या हाताचा गुण गेला म्हण."

"व्हय. आता त्याच हातानं कुठली शाखा लहान, कुठली मोठी, ते लावून द्या."

हसत का होईना, त्यानं लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी कणकुंबीनं पहिली यादी मागितली. थोड्या वेळानं निपाणी उघडली. फोन येईना. दिव्याला राहवेना, तिनंच केला.

"यादी आली काय हो?"

"मघाशीच आली. माणसं माल घेऊन गेली बी," गुंडू म्हणाला. "कामाच्या वेळंला फोन कशाला केलाय, आक्का?"

मालकांनी महिनाअखेरपर्यंत पाहिलं. एकही तक्रार आली नाही. "राहू दे हाच," ते म्हणाले.

दिव्या तेवढ्यावर थांबली नाही. सणात लहान शाखाही फुगते. तिचं माप आपोआप बदलावं, याच्या खटपटीला ती त्याच दुपारी लागली.