उताराला लागलेली गाडी
जळक्या लाकडाचा वास आला की तो उतार आठवतो. निजामाचं राज्य होतं आणि आमच्या घरातून औरंगाबादच्या कॉलेजात गेलेला मी पहिलाच. सुट्टीत दगडांनी भरलेली बैलगाडी उतरवताना चाकाला दाबून धरणारा लाकडी ठोकळा धुमसून तुटला आणि गाडी सुटली. वडील जू धरून बैलांपुढं पळत होते. "रफ्तार दुगनी, तो जोर चौगुना," वेग दुप्पट तर जोर चौपट, हे वर्गात उर्दूतून शिकलेलं वाक्य माझ्या डोक्यात घुमलं. मी ओरडलो, "दादा, बाजूला व्हा!" "आन् बैलं?" वडील पळतच म्हणाले. गाडी थांबली ती डाव्या बैलाचा पाय मोडूनच. त्याचं डोकं मांडीवर घेऊन वडिलांनी विचारलं, "असं व्हणार, म्हाईत व्हतं तुला?" "व्हय." "मग थांबवायचं कसं, ते नाय शिकवलं?" पदवी मी मानानं मिळवली, पण भरली गाडी उताराला लागली की आजही नुसता हिशेबच करत उभा राहतो.