वांगी ठेवली, खोली दिली नाही

उशिरा लिहितोय, माफ करा. सकाळचंच सांगायचंय, पण मी एका बोटाने टाइप करतो आणि डोकंही तापलेलं होतं.

शिरपूरकडचा माझा जुना मित्र नाना. त्याच्या नातीला इथे जळगावला विद्यापीठात प्रवेश मिळाला. "हॉस्टेलचा फॉर्म कशाला भरता? मी खोली बघून देतो," असं मीच ठासून सांगितलं होतं. आता फॉर्मची मुदत गेली आणि सोमवारी तिचा वर्ग सुरू होतोय.

आज आम्ही तिघं विद्यापीठाजवळ फिरलो. दोन घरांत नकार मिळाला. तिसऱ्या घरी खोली पोरीला आवडली, मालकीणबाईही तयार झाल्या. तेवढ्यात नानाने पिशवी पुढे केली. "अक्का, आमना वावरना वांगा शेतस. भरीत करा."

बाईंचा चेहराच बदलला. "म्हणजे मुलगी खोलीत भरताची वांगी भाजणार? धूर चालणार नाही. भिंती नुकत्याच रंगवल्यात."

"ही वांगी तुमच्यासाठी आहेत," मी तीनदा सांगितलं.

"आज माझ्यासाठी. पुढच्या आठवड्यात?"

बाई पिशवी आत ठेवून आल्या आणि म्हणाल्या, खोली द्यायची नाही.

रिक्षात मी नानावर चिडलो. "पेढे आणायचे ना."

"पेढा मना वावरमा पिकतस का?"

पोरगी हसली. मग हळूच मला म्हणाली, "आबा, फॉर्म भरला असता तर बरं झालं असतं."

तेव्हापासून जेवण गेलेलं नाही. विद्यापीठाजवळ मुलीसाठी खोली कुणाच्या माहितीत आहे का? स्वयंपाकाची सोय नसली तरी चालेल. रविवारच्या आत कळवा, हात जोडतो.